‘११५० मध्ये १’ : पण हे ११५० कोण?

भारतातल्या डाउन सिंड्रोमवर वाचायला लागलात की एक आकडा वारंवार भेटतो : ११५० जन्मांमागे १. तो येतो वर्मा आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या अभ्यासातून. मुंबई, दिल्ली आणि बडोदा ही तीन केंद्रं, ९४,६१० नवजात बाळं, दर हजारी ०.८७.

आधी या अभ्यासाचं मोठेपण मान्य करू. दोन हजार जन्मांचा अभ्यास केलात तर हाती जेमतेम दोन बाळं लागतील, आणि दोनावरून दर काढता येत नाही. इथे जवळपास लाखभर जन्म आहेत. तरीही गणित करून बघा. ९४,६१० ला ०.८७ ने गुणून हजारने भागलं की येतात साधारण ८२ बाळं. ८२ चा ९५ टक्के विश्वास-अंतराल सुमारे ६५ ते १०२. म्हणजे खरा दर ९३० मध्ये १ पासून १४५० मध्ये १ पर्यंत कुठेही असू शकतो. आपण मात्र ‘११५०’ असं लिहितो, जणू दगडावरची रेघ!

आता छेदाकडे या. छेदात रुग्णालयातले जन्म आहेत, शहराची लोकसंख्या नाही. मोठ्या रुग्णालयात जोखमीच्या बाळंतिणी पाठवल्या जातात, त्यामुळे दर वाढू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात लक्षणं पटकन दिसत नाहीत, म्हणून तो घटूही शकतो. शिवाय आईचं वय. पंचविशीत धोका साधारण १२५० मध्ये १, चाळिशीत १०० मध्ये १. दोन शहरांचे दर वेगळे दिसले, तर आधी आयांची वयं विचारा. प्रदूषण वगैरे नंतर.

माझ्या पहिल्या प्रस्तावात मी काय केलं होतं माहितीये? दहा लाखांचं शहर घेतलं, ११५० ने भागलं आणि लिहून टाकलं, ‘शहरात अंदाजे ८७० व्यक्ती.’ सरांनी फक्त एवढंच विचारलं, “सगळे जगले का?” मी गप्प. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो. शस्त्रक्रिया वेळेवर झाली की नाही, यावर लोकसंख्येतला आकडा ठरतो. जन्माच्या वेळचा दर आणि आज हयात असलेल्यांचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विशेष शाळा किती लागतील, हे दुसऱ्या आकड्यावरून ठरतं, पहिल्यावरून नव्हे.

आणि जन्माचा दरही निम्मीच गोष्ट सांगतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९८९ ते २००८ या काळात डाउन सिंड्रोमची निदानं सुमारे ७१ टक्क्यांनी वाढली, कारण आयांचं वय वाढलं. जिवंत जन्म मात्र जवळपास तेवढेच राहिले, कारण गर्भावस्थेतली तपासणी आणि त्यानंतरचे गर्भपातही वाढले. फक्त जन्म मोजणाऱ्याला वाटलं असतं, काहीच बदललं नाही.

तर हा आकडा वापरा, जरूर वापरा. पण वाक्य पूर्ण लिहा : कुठल्या वर्षी, कुठल्या शहरांत, रुग्णालयात जन्मलेल्या किती बाळांमध्ये. वाक्य लांबेल, लांबू दे. त्या आकड्याच्या भरवशावर उद्या कोणी तरी शाळेच्या जागा मोजणार आहे.