साडेसात चित्रपट

मी आजवर एकूण साडेसात चित्रपट काढलेले नाहीत.

न काढलेले चित्रपट पुष्कळांपाशी असतात, पण त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. मी ठेवली आहे. एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर नाव, साल, कलावंत, संगीत, मिळालेली पारितोषिकं (ही जरा जास्तच आहेत) असं सगळं टिपलेलं आहे. त्यातल्या अर्ध्या चित्रपटाला मात्र हसू नका. फेलिनी या इटालियन दिग्दर्शकाने १९६३ साली आपल्या चित्रपटाचं नावच 'साडेआठ' ठेवलं. तोवर त्याचे सहा पूर्ण चित्रपट, दोन छोटे म्हणून मिळून एक, आणि एक भागीदारीतला म्हणून अर्धा. झाले साडेसात, त्यात हा नवा. हिशेब चोख! आणि तो चित्रपट तरी कशावर? तर चित्रपट जमत नसलेल्या दिग्दर्शकावर!

तर एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीचं कुणीतरी परीक्षण करायला हवं. दुसरं कुणी पुढे येईल अशी चिन्हं नाहीत, तेव्हा मीच करतो.

पहिला चित्रपट संतपट. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) पाहून आल्यावर त्याच रात्री अंथरुणात तयार झाला. माझं वैकुंठाचं विमान प्रभातच्या विमानापेक्षा मोठं होतं आणि रंगीतही होतं. त्यात बसणारा संत कोणता, हे मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही.

दुसरा 'घायाळ घुंगरू'. साल १९७२. त्या वर्षी शांतारामबापूंचा 'पिंजरा' आला होता, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. तिथे तमासगिरिणीपायी मास्तर वाहवत जातो. माझ्याकडे तलाठी वाहवत जातो. एवढाच काय तो स्वतंत्र विचार.

मग एका फिल्म सोसायटीत 'पथेर पांचाली' (१९५५) पाहिला आणि माझा कलात्मक कालखंड सुरू झाला. तिथे काशाच्या पांढऱ्या फुलांतून भावंडं आगगाडी बघायला धावतात. मी ज्वारीचं शेत घेतलं आणि बार्शी लाइटची गाडी घेतली. पण बार्शी लाइटच ती! भावंडं पोचून, बसून, हुरडा खाऊन झाला तरी गाडी येईना. प्रसंग तिथेच सोडून द्यावा लागला. 'सिंहासन' (१९७९) आल्यावर मी राजकारणाकडे वळलो. माझा मुख्यमंत्री खिडकीतून बाहेर बघत विचार करतो. दोन तास.

बाकीच्यांची नावं सांगत नाही. निष्कर्ष एवढ्यावरूनही निघतो. हे माझे चित्रपट नव्हेतच. मी पाहिलेल्या चित्रपटांचे हे पोटभाडेकरू. खोली दुसऱ्याची, भांडीकुंडी दुसऱ्याची, दारावरची पाटी तेवढी माझी.

तुम्ही म्हणाल, अहो, मोठमोठ्यांचे चित्रपटसुद्धा राहून गेलेत. गेलेत ना! सत्यजित राय यांनी १९६७ साली 'द एलियन'ची पटकथा लिहिली. परग्रहावरचं यान बंगालमधल्या एका खेड्याच्या तळ्यात उतरतं, अशी गोष्ट. हॉलिवूडपर्यंत बोलणी गेली आणि तिथेच विरली. कुब्रिकचा 'नेपोलियन' असाच राहिला. पण त्याने नेपोलियनच्या आयुष्यातल्या दिवसादिवसाची टिपणं कार्डांवर करवून घेतली होती, जागांची हजारो छायाचित्रं जमवली होती. म्हणजे बघा, चित्रपट न काढायलासुद्धा कष्ट लागतात. माझ्या वहीत कष्ट नाहीत, नुसतीच पारितोषिकं आहेत.

आणि दादासाहेब फाळके? 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. पण त्याआधी भांडवलवाल्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी काय चित्रित केलं? वाटाण्याचं रोप! कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. हरिश्चंद्र पुराणातला, पण वाटाणा स्वतःच्या डोळ्यांसमोरचा. या कसोटीवर माझ्या वहीत काय उरतं?

तो अर्धा उरतो.

त्याला नाव नाही, गाणी नाहीत, नट नाहीत. आम्ही भावंडं वडिलांबरोबर सिनेमाला जायचो. आई येत नसे. "माझे डोळे दुखतात रे, तुम्ही जाऊन या," म्हणायची. सुई ओवताना तिचे डोळे कधी दुखले नाहीत, आणि पाच तिकिटांपेक्षा चार स्वस्त पडतात हा हिशेब कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. परत आलो की ती पानं वाढायला घ्यायची आणि म्हणायची, "हं, सांगा आता. पहिल्यापासून." आम्ही सांगायचो. एक पुढचं आधी सांगायचा, दुसरा त्याला गप्प करायचा. आमटी वाढता वाढता तिचा डाव मध्येच थांबायचा. "मग? सापडला का तिचा मुलगा?"

अर्धा चित्रपट एवढाच. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. सिनेमा कुठेच दिसत नाही, पोरांचे आवाज तेवढे ऐकू येतात.

परीक्षक म्हणून सांगतो, हा एकच कुणाकडून उसना आणलेला नाही. आणि काल्पनिक चित्रपटांची खरी मोठी यादी माझ्या वहीत नाहीच. ती तिच्याकडे होती. कितीतरी चित्रपट तिने डाव हातात धरून, उभ्याने पाहिले. त्यांतले नट कसे दिसत होते, हे आम्ही तिला कधी विचारलं नाही.