बेट, ल्यूर आणि आपलं सैल 'आमिष'

पिंपरी-चिंचवडच्या बातम्यांचं कुठलंही पान उघडा. 'नोकरीचे आमिष', 'जादा परताव्याचे आमिष', 'लग्नाचे आमिष' यांपैकी एखादा मथळा हमखास दिसेल. इंग्रजीत 'बेट' म्हणतात ते हेच, असं आपण धरून चालतो. पण हा शब्द आपण इतका सैल वापरतो की नेमकं काय घडलं तेच त्यात दिसेनासं होतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही सवय आधीच तपासलेली बरी.

इंग्रजीत जवळजवळचे दोन शब्द आहेत. 'बेट' (नदीतलं बेट नव्हे!) जुन्या नॉर्स भाषेतून आला, चावणे या अर्थाच्या 'बाइट'चा तो भाऊबंद. म्हणजे खरोखर खाता येईल असं काही: गळाला लावलेलं गांडूळ, कणकेची गोळी. 'ल्यूर' आला ससाणे पाळणाऱ्यांच्या जुन्या फ्रेंच भाषेतून. उडालेल्या ससाण्याला परत बोलवायला ते दोरीला बांधलेला पिसांचा झुपका फिरवायचे. मासेमारीतल्या नकली माशालाही ल्यूरच म्हणतात. थोडक्यात, बेटमध्ये खाद्य खरं असतं, ल्यूरमध्ये खाद्याची नुसती खूण. रोजच्या इंग्रजीत हा भेद पुसट होतो, पण विचार करायला तो फार कामाचा आहे.

'आमिष' म्हणजे मुळात मांस; म्हणून तर 'निरामिष'. आपला शब्द बेटच्या बाजूचा, पण आपण तो दोन्हीकडे वापरतो.

या बाबतीत शेतीची भाषा जास्त काटेकोर आहे. चाकणच्या कारखान्यांपलीकडे शेतं सुरू होतात, तिथल्या कृषी सेवा केंद्रात कामगंध सापळ्यासाठी 'ल्यूर' मिळतो. गूळ-कोंड्यात कीटकनाशक कालवून केलेलं ते 'विषारी आमिष'. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचा ल्यूर घ्या. त्यातल्या 'गॉसिप्लूर' या गंधाची रासायनिक ओळख 1973 मध्ये पटली. हा मादीच्या गंधाचा नमुना. नर पतंगाला त्यात खायला काहीच नाही. पतंग हावरट नसतो. तो खूण बरोबर वाचतो, खूण पाठवणारा खोटा असतो. (भेद दरवेळी इतका स्वच्छ नसतो: फळमाशीच्या सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल नर माश्या खातातही.)

आता मथळ्यांकडे परत या. आयटीआय झालेला मुलगा चाकण एमआयडीसीत काम शोधतोय. त्याला बनावट ऑफर लेटर येतं, तो 'प्रोसेसिंग फी' भरतो. हा ल्यूर आहे. नोकरी कधी नव्हतीच, होतं फक्त लेटरहेड. उलट, जादा परताव्याच्या काही योजनांत पहिले काही हप्ते खरंच खात्यात जमा होतात. ते बेट. पहिल्या ठिकाणी पत्र कुठून आलं ते तपासायला हवं, दुसऱ्या ठिकाणी पैसा कुठून येतोय ते. 'आमिष' म्हटलं की दोन्ही एकाच गळाला लागतात, आणि फसलेल्यावर हावरेपणाचा शिक्का बसतो तो वेगळाच. नोकरी ही गरज आहे, हाव नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं 318 वं कलमही फसवणाऱ्याने काय केलं हे विचारतं. फसलेला किती लोभी होता, हे नाही. लग्नाच्या बाबतीत तर 'खोटं वचन' हा नेमका शब्द मराठीत तयारच आहे.

लॅबमध्ये हाच सैलपणा वेगळ्या रूपात भेटतो. दोन प्रथिनं एकमेकांना जुळतात का, हे यीस्टच्या पेशीत तपासायची 'टू-हायब्रिड' पद्धत फील्ड्स आणि साँग यांनी 1989 मध्ये मांडली. तिच्या रुळलेल्या भाषेत एक प्रथिन 'बेट', दुसरं 'प्रे', म्हणजे भक्ष्य. पण इथे कोणी कोणाला ओढत नाही. दोन्ही पेशीच्या केंद्रकात पाठवली जातात. जुळली, तर रिपोर्टर जीन चालू होतो. एवढंच. बेट आणि प्रेची अदलाबदल केली तर कधीकधी निकालही बदलतो, म्हणून दोन्ही बाजूंनी तपासतात. पण 'बेटने प्रेला आकर्षित केलं' असं लिहिणाऱ्याला ही उलटी चाचणी सुचणार कशी? शब्दानेच एकाला शिकारी आणि दुसऱ्याला सावज ठरवून टाकलेलं असतं.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'आमिष', 'बेट', 'आकर्षण' असं काही लिहिलं असेल, तर त्या वाक्यापुढे तीन प्रश्न पेन्सिलीने लिहा. समोर ठेवलेलं खरं आहे की नुसती खूण? ओढला गेल्याचा पुरावा आहे, की फक्त सापडल्याचा? आणि दोघांच्या जागा बदलल्या तर वाक्य टिकेल का? उत्तर देता आलं नाही, तर तो शब्द खोडा आणि जे मोजलं तेवढंच लिहा. व्हायव्हात पहिला प्रश्न बहुधा त्याच शब्दावर येतो.