आणखी मोरे

आमच्या पोलादपुरात एस.टी. स्टँडवर उभं राहून 'अहो मोरे!' अशी मोठ्यानं हाक मारावी आणि गंमत पाहावी. महाबळेश्वरच्या गाडीत खिडकी धरून बसलेले दोघे मान बाहेर काढतात, टपरीवर बशी तोंडाला लावलेला एकजण बशी खाली ठेवतो, आणि हाक मारणाराही बहुधा मोरेच असतो. मी स्वतः मोरे आहे. त्यामुळं हाकेला उत्तर देण्याची सवयच मोडली. दुसरा कोणीतरी देतोच.

अशा आडनावाच्या माणसानं खरं म्हणजे नम्र असावं. पण आमचा धाकटा चुलतभाऊ मुंबईची नोकरी संपवून गावी आला. निवृत्त माणसाला आमच्याकडे तीनच उद्योग असतात : कलमं लावणं, देवळाचा जीर्णोद्धार करणं आणि कुळाचा इतिहास लिहिणं. ह्याची कलमं माकडांनी संपवली, देवळाच्या कमिटीत भांडण झालं, तेव्हा इतिहास राहिला. सहा महिन्यांनी तो दोनशेपानी वही घेऊन ओटीवर हजर. वहीवर लाल शाईत नाव : 'थोर मोरे'.

"नाना, प्रस्तावना तुम्हीच लिहायची. तुम्ही मास्तर होतात."

प्रस्तावना लिहिण्यापूर्वी पुस्तक वाचावं, हा नियम मराठीत फारसा कोणी पाळत नाही. मी पाळला, आणि पस्तावलो. आता जे मनात आलं ते प्रस्तावनेत मावणार नाही, म्हणून इथं लिहितो आहे.

ग्रंथाचे गुण आधी सांगतो. अक्षर सुवाच्य आहे. समास सोडला आहे. आणि लेखकाचं मन विशाल आहे. इतकं विशाल, की पहिल्याच पानावर चंद्रगुप्त मौर्य येतो. मौर्याचं मोरे झालं, ही समजूत आमच्या कुळात जुनी आहे. मधली तेवीसशे वर्षं लेखकानं एका 'त्यानंतर'मध्ये ओलांडली आहेत. पुढं मोरोपंत भेटतात. मोरोपंतांचं आडनाव पराडकर, हे मी समासात लिहिलं. त्याखाली लेखकाचं उत्तर आलं : 'नावात तरी मोर आहे.' ह्याच न्यायानं बारामती तालुक्यातलं मोरगाव आलं, कोल्हापूरजवळची मोरेवाडी आली, पार गोंदियाकडचं अर्जुनी मोरगावसुद्धा आलं. पक्ष्यांचा राजा कसा सुटला कोण जाणे.

एकदा कोकणाबाहेर पडलेला माणूस थांबत नाही. एकविसाव्या पानावर लेखक विलायतेला पोचतो. तिथं सर थॉमस मोर सापडतात. इंग्रजीत त्यांचं आणि आमचं स्पेलिंग एकच! त्यांनी १५१६ साली 'युटोपिया' लिहिलं आणि आठव्या हेन्रीशी वाकडं घेतल्यामुळं १५३५ साली त्यांचं मस्तक गेलं. राजाशी वाकडं घेऊन प्राणाला मुकणं, हे मात्र आमच्या घराण्याच्या रीतीला धरून आहे, हे कबूल केलं पाहिजे.

कारण आता येतात जावळीचे मोरे. आंबेनळी घाट चढला की जावळीचा मुलूख. तिथं आमची सत्ता होती आणि चंद्रराव हा आमचा किताब. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्याच वर्षी रायरीही घेतली. रायरी म्हणजे आजचा रायगड. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, म्हणजे आमच्या हातून गेलेल्या किल्ल्याचं नाव आम्ही रोज पत्त्यात लिहितो. लेखकाची इथं फार पंचाईत झाली आहे. चंद्रराव सोडवत नाही आणि महाराजांच्या विरुद्धही लिहवत नाही. म्हणून त्यानं चंद्ररावाला दीड ओळ दिली आणि 'काळाचा महिमा' असं म्हणून पान उलटलं. ह्याच मोऱ्यांच्या चाकरीत होता मुरारबाजी देशपांडे. तो पुढं महाराजांकडे गेला आणि १६६५ साली पुरंदरावर लढता लढता पडला. पण तो देशपांडे. त्याची थोरवी देशपांड्यांच्या वहीत जायची!

मग तुकाराम महाराज. कूळ मोरे, आडनाव आंबिले. त्यांना सहा पानं आहेत. सहाशे असती तरी तक्रार नव्हती. फक्त जन्मभर ज्यांनी कुळाच्या अभिमानाला झोडपलं, त्यांना कुळाच्या अभिमानासाठीच पकडून आणावं, ह्याची गंमत लेखकाच्या ध्यानात आलेली नाही.

इथवर मी हसत होतो. वही मिटल्यावर हसू गेलं. एक मोरे वहीत नव्हते.

महाड ओलांडलं की दासगाव लागतं. तिथं शिकलेले, महाडजवळच्या लाडवलीत १९०३ साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे. अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेत शिरण्यासाठी त्यांना लहानपणीच झगडावं लागलं. मार्च १९२७ मध्ये महाडला जी परिषद भरली, जिच्यातून २० मार्चला डॉक्टर आंबेडकर हजारोंच्या जथ्यासह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, ती परिषद भरवण्यासाठी पायपीट करणाऱ्यांत हे मोरे पुढं होते. त्या ओंजळीनंतर गावातल्या शहाण्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं, आणि सर्वांच्या हक्काचा निकाल हायकोर्टातून यायला १९३७ साल उजाडलं. मोरे पुढं कामगारांच्या चळवळीत गेले, १९६५ साली त्यांनी 'जीवनमार्ग' सुरू केलं, आणि १९७२ साली ते वारले.

"हे कसे राहिले?" मी विचारलं.

भाऊ क्षणभर सुपारी चघळत राहिला. मग हळूच म्हणाला, "नाना, ते आपल्यातले नव्हेत ना."

पाटलीपुत्राचा चंद्रगुप्त आपल्यातला, लंडनचा थॉमस आपल्यातला, अर्जुनी मोरगावातला मोरसुद्धा आपल्यातला. दासगावचे मोरे तेवढे नव्हेत!

टीकाकाराला इथं लेखकावर तुटून पडायची चांगली संधी आहे. पण टीकाकारही मोरेच आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारचा गृहस्थ जेव्हा विचारतो, "मोरे म्हणजे कुठले मोरे?" तेव्हा त्याला भूगोल नको असतो. त्याला काय हवं असतं हे त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. आणि मी आजवर कितीदा घाईघाईनं "जावळीकडचे" असं सांगून मोकळा झालो आहे! वास्तविक जावळीत माझी एक गुंठाही जमीन नाही. पण ते सांगितलं की त्याचा चेहरा खुलतो, जिलबी पुढं सरकते. भावानं जे दोनशे पानांत केलं, ते मी एका शब्दात करत आलो आहे.

आडनाव बिचारं भाबडं असतं. ते कोणाच्याही दाराशी उभं राहतं. 'देशमुख' घ्या. लोकहितवादी देशमुख, विलासराव देशमुख, आणि आमच्या महाडजवळच्या नात्याला १८९६ साली जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. तिघांच्या जाती तीन. आंबेडकरांचं मूळ आडनाव सकपाळ. आमच्या तालुक्यात सकपाळ काय थोडे आहेत? पण बाबासाहेब आमचे, असं त्यांतले सगळेच म्हणतील का? आडनाव माणसं एकत्र गोळा करतं. 'कुठले?' हा प्रश्न त्यांना पुन्हा वेगवेगळ्या पंगतींत बसवतो.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो काही न बोलता वही उचलून गेला. मला वाटलं, प्रस्तावना टळली.

आठ दिवसांनी वही परत आली. थॉमस मोर यांच्यामागं एक नवं पान चिकटवलं होतं. मथळा : 'आणखी मोरे'. इंग्रजीत आमच्या स्पेलिंगचा अर्थ तोच होतो, हे त्याला नातवानं सांगितलं म्हणे. खाली पहिलं नाव, कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे, दासगाव. त्यापुढं कंसात : 'कुठले, ते विचारू नये.'

मला बरं वाटलं. मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं. सगळी वही शाईत होती, हे एक पान पेन्सिलीत. आणि नातवाचं खोडरबर घरात असतं, हे मला माहीत आहे.

वही मी परत पाठवली आहे. म्हटलं, "हे पान शाईनं गिरव. मग प्रस्तावना देतो."