सब्राच्या पलीकडची पत्नी

आजारपणावरच्या आमच्या मुस्लिम मराठी कथांत पत्नी बहुधा सब्राची मूर्ती असते. ती उशाशी बसते, दुआ मागते. तिची मेहनत कागदावर येत नाही. डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'मध्ये रुग्ण स्वतः बोलतो. आम्हांला सोबतिणीचेही शब्द हवेत. प्रोस्टेटचा कर्करोग पसरल्यावर काहींना ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. ते कर्कपेशींवरील पीएसएमए प्रथिनाला चिकटते. मग काही दिवस वेगळे झोपायचे, नातवंडांना दूर ठेवायचे, लघवीनंतर दोनदा पाणी सोडायचे. गुलमंडीच्या दोन खोल्यांत हे जमवणारी, नवऱ्याची शरमही सांभाळणारी बाई कथेत कुठे आहे? इथे दूर राहणे हीच खिदमत. आमच्या लेखकांनी तिच्या सब्राची तारीफ पुरे करून तिच्या कष्टांचा हिशेब लिहावा.