राजाची झुंबरं आणि आपली तारीख

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस बघून आलो. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, १९९३ ला बंद, दुरुस्तीनंतर २०१६ ला पुन्हा सुरू. झुंबरं, बॉक्स, सोनेरी नक्षी सगळं जुन्या घडणीचं; एसी तेवढा नवा. काम चोख, कारागिरांच्या हातांना सलाम. पण मित्रहो, राजाची आठवण एवढी जपणाऱ्या शहराला परळचा दामोदर हॉल आठवतो का? ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी तिथं सभा घेतली. त्यातूनच बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. गिरणगावाची नाटकंही तिथंच रंगली. ते नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. नवं बांधा, एसी बसवा, आमची ना नाही. पण ती तारीख दारावर कोरलीच पाहिजे. ही मागणी आपणच लावून धरायची.