रांजणातले खडे

वाल्या कोळ्याची कथा मराठी मुलाला अक्षरओळखीच्या आधीच ठाऊक होते. वाटसरू मारावा आणि एक खडा रांजणात टाकावा, असे सात रांजण भरले. मग नारद भेटले, बायकापोरांनी पापाचा वाटा नाकारला, ‘मरा मरा’ म्हणता म्हणता अंगावर वारूळ चढले आणि वाल्याचा वाल्मीकी झाला. पश्चात्तापाची याहून मोठी कथा आपल्याकडे नाही. तरीही कथा म्हणून ती तपासू लागलो की एक प्रश्न अनुत्तरित राहतो. त्या सात रांजणांचे पुढे काय झाले? एक खडा म्हणजे एक माणूस, आणि त्या माणसामागे एक घर. त्यांपैकी एकाही घराच्या उंबरठ्याशी वाल्या गेल्याचे कथा सांगत नाही. त्याचा हिशेब त्याच्यात आणि देवात मिटला. ज्यांचे गेले, ते हिशेबाबाहेरच राहिले.

ही उणीव जुन्या कथेपुरती असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण आपल्या प्रायश्चित्ताच्या कल्पनेतच ती मुरलेली आहे, आणि थेट आजच्या कायद्यात उतरलेली आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या 18 व्या कलमात, गुन्हा केलेल्या मुलाला समाजसेवेचे काम देण्याची तरतूद आहे. तरतूद उत्तमच आहे. कोवळ्या वयाच्या पोराला कोंडून ठेवण्यापेक्षा त्याच्या हाताला काम द्यावे, हे कोणत्याही शिक्षकाला पटेल. परंतु 2016 च्या आदर्श नियमांत या समाजसेवेची जी उदाहरणे दिली आहेत ती पाहावीत: सार्वजनिक बागेची निगा, वृद्धांची सेवा, इस्पितळातील मदत, अपंग मुलांची सेवा, वाहतुकीचे स्वयंसेवक होणे. यादीत सगळे आहेत. ज्याचे नुकसान झाले तो मात्र नाही. मुलाने सेवा करायची ती समाजाची, आणि समाज म्हणजे त्या घराखेरीज बाकी सगळे!

19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरात भरधाव मोटारीने एका दुचाकीला उडवले आणि दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन देताना बाल न्याय मंडळाने ज्या अटी घातल्या, त्यांत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम करण्याचीही होती. देशभर संताप उसळला. त्या खटल्याचा निवाडा हा माझा विषय नव्हे; आणि मुलाला मोठा माणूस ठरवून तुरुंगात टाका, असा जो गिल्ला झाला त्यात माझा सूर नाही. मूल ते मूलच. माझा विषय आहे तो निबंध.

मी वर्षानुवर्षे निबंध तपासत आलो आहे. शाळेतील निबंध हा एक चमत्कारिक साहित्यप्रकार आहे: त्याला लेखक असतो, विषय असतो, शब्दमर्यादा असते, पण वाचक नसतो. तपासनीस असतो, आणि तपासनीस म्हणजे वाचक नव्हे. म्हणून ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर सर्वांत उशिरा येणारा पोरगाही झकास लिहितो. निबंधात खोटे बोलावे लागत नाही. फक्त स्वतःला त्यातून वगळावे लागते. संताप आला तो तीनशे हा आकडा थोडा वाटला म्हणून, अशी पुष्कळांची समजूत आहे. मला वाटते, तीन हजार शब्द सांगितले असते तरी फरक पडला नसता. तो निबंध कोणालाच उद्देशून नव्हता, हे खरे दुखणे.

याच्याशेजारी दुसरा एक कागद ठेवून पाहा. गांधीजींनी आत्मचरित्रात पंधराव्या वर्षीच्या चोरीची हकीकत दिली आहे. भावाचे पंचवीसेक रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा त्यांनी काढला. पुढे ते ओझे सहन होईना, तेव्हा चिठ्ठी लिहिली, शिक्षा मागितली, आणि ती आजारी वडिलांच्या हातात स्वतः दिली. वडिलांनी वाचली; अश्रूंनी कागद भिजला; त्यांनी तो फाडून टाकला. निबंध दप्तरी जपला जातो, ही चिठ्ठी फाटली. आणि तरी काम तिनेच केले. कारण लिहिणाऱ्याला वाचकाच्या समोर उभे राहावे लागले.

शाळेत हे फार लहान प्रमाणावर दिसते. परीक्षेच्या तोंडावर एका मुलाने दुसऱ्याची इतिहासाची वही फाडली. ‘पुन्हा करणार नाही’ हे शंभरदा लिहून घेण्याची आमच्याकडे रीत आहे. मी त्याला ती वहीच पुन्हा लिहून द्यायला सांगितली. पहिल्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून लिहीत बसला. पण फाटलेल्या पानांवरचे अक्षर त्याला लागेना. विचारायचे कोणाला? ज्याची वही, त्यालाच. तिसऱ्या दिवशी दोघे एका बाकावर होते. मैत्री वगैरे झाली नाही. वही मात्र पुरी झाली.

हेच कॅनडात मोठ्या प्रमाणावर घडले. 1974 साली आँटेरिओ प्रांतातल्या एल्मायरा गावी अठरा-एकोणीस वर्षांच्या दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली: टायर फाडले, काचा फोडल्या. मार्क यांत्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशापुढे सूचना मांडली की, या पोरांनी त्या लोकांना प्रत्यक्ष भेटावे. न्यायाधीशाने मानली. पोरे दारोदार गेली, नुकसान ऐकून घेतले, आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाईचे पैसे त्याच दारांत नेऊन दिले. 1989 मध्ये न्यूझीलंडने कायदाच असा केला की, मुलाचे कुटुंब आणि ज्याचे नुकसान झाले तो एकत्र बसून पुढे काय करायचे ते ठरवतील.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. ज्याचा मुलगा गेला त्या बापाने गुन्हेगाराचे तोंड का पाहावे? टायर बदलून मिळतो, माणूस मिळत नाही. बरोबर आहे. कोणावरही ती भेट लादू नये. दार उघडायचे की नाही, हा हक्क घरच्यांचाच. पण न विचारताच ‘त्यांना नको असेल’ असे आपण ठरवतो, तेव्हा त्यांच्या दुःखाचा मान राखत नाही. आपलीच अडचण टाळतो. दार बंद राहिले, तरी त्या घरच्यांना अमुक काम व्हावेसे वाटते का, एवढे तरी विचारता येईल. मग पोरगा बाग झाडील तेव्हा ती कोणासाठी झाडतो आहे, हे त्याला ठाऊक असेल.

मागणी एवढीच आहे. नियमांतील त्या यादीच्या आरंभी एक ओळ यावी: काम नेमण्यापूर्वी ज्याचे नुकसान झाले त्याला विचारावे. आणि आम्हा कथाकारांपुढेही काम पडले आहे. वाल्याचा वाल्मीकी कसा झाला, हे आजवर पुष्कळ सांगून झाले. रांजणातला एखादा खडा हातात घेऊन तो कोणाचा, हे आता कोणीतरी लिहायला हवे.