तेरा रुग्णांचा पुरावा

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या शिरेवाटे परत त्याच्या शरीरात सोडावयाच्या, अशा उपचारास जपानने डिसेंबर २०१८ मध्ये सात वर्षांच्या मुदतीची सशर्त मान्यता दिली. साप्पोरो वैद्यकीय विद्यापीठातील ओसामु होन्मोऊ आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून निघालेले हे औषध निप्रो कंपनीने ‘स्टेमिरॅक’ या नावाने बाजारात आणले. त्याची किंमत सुमारे दीड कोटी येन ठरली आणि राष्ट्रीय विमा योजनेत त्यास स्थानही मिळाले. ज्या तेरा रुग्णांच्या आधारावर ही मान्यता मिळाली, त्यांचा तपशीलवार वृत्तांत मात्र २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रस्तुत टिपणात या वृत्तांताचे, आणि त्यावरून काढल्या गेलेल्या निष्कर्षाचे, परीक्षण करावयाचे आहे.

या वृत्तांतातील मुख्य विधान असे की, तेरांपैकी बारा रुग्णांची अवस्था सहा महिन्यांत किमान एका श्रेणीने सुधारली. येथे श्रेणी म्हणजे अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनची श्रेणी होय. ‘ए’ श्रेणीत मज्जारज्जूच्या सर्वांत खालच्या खंडांत संवेदना किंवा हालचाल काहीच उरलेली नसते; ‘बी’मध्ये केवळ संवेदना असते; ‘सी’मध्ये काही हालचाल असते, पण ती फारशी उपयोगाची नसते; ‘डी’मध्ये निम्म्या किंवा अधिक स्नायूंत उपयोगी बळ असते; आणि ‘ई’ म्हणजे पूर्ववत स्थिती. ‘तेरांत बारा’ हा आकडा एवढा डोळ्यांत भरणारा आहे की, वर्तमानपत्री वाचकाची गोष्टच सोडा, मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीसही तो पुरेसा वाटला. परंतु ज्या व्याधीत काहीही न करता रुग्ण काही अंशी सुधारतो, त्या व्याधीत केवळ सुधारणेची मोजदाद करून उपचाराचा गुण ठरत नाही. उपचाराविना किती सुधारणा झाली असती, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर उपलब्ध आहे. तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २००७ साली नैसर्गिक सुधारणेचे प्रमाण संकलित केले. त्यानुसार प्रारंभी ‘ए’ श्रेणीत असलेल्या शंभरांपैकी सुमारे ऐंशी रुग्ण ‘ए’तच राहतात, ‘बी’मधील निम्म्याहून अधिक वर चढतात, आणि ‘सी’मधील साठ ते ऐंशी टक्के ‘डी’पर्यंत जातात. आता साप्पोरोचे तेरा रुग्ण पाहू. त्यांत ‘ए’चे सहा, ‘बी’चे दोन आणि ‘सी’चे पाच होते. वरील प्रमाण त्यांना लावले तर औषधाविनाही पाच ते सात रुग्ण सुधारावयास हवे होते. म्हणजे बारांतील निम्मे श्रेय निसर्गाचे असू शकते. ‘सी’मधील पाचही रुग्ण सुधारले, ही गोष्ट तर जवळजवळ अपेक्षितच होती.

येथेच थांबणे मात्र अन्यायाचे होईल. ‘ए’ श्रेणीतील सहांपैकी पाच सुधारले. त्यांतील तीन ‘बी’पर्यंत, दोन ‘सी’पर्यंत गेले. निसर्गाच्या हिशेबाने एखाद-दुसराच सुधारावयाचा. शिवाय या रुग्णांची मूळ श्रेणी दुखापतीनंतर काही आठवड्यांनी, पेशी देण्यापूर्वी ठरविलेली होती, आणि नैसर्गिक सुधारणेचा बराचसा भाग पहिल्याच आठवड्यांत उरकलेला असतो. हा मुद्दा औषधाच्या बाजूचाच आहे. टीकाकारांनी त्याकडे दुर्लक्ष केले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. परंतु सहा रुग्ण हे सहाच रुग्ण. त्यांची निवड कोणत्या चाळणीतून झाली, कोणता उपचार दिला आहे हे ठाऊक असलेल्या परीक्षकाने ‘ए’ आणि ‘बी’ यांमधील सीमा कशी ओळखली, या शंकांचे निरसन तुलनेसाठी दुसरा गट असल्यावाचून होऊ शकत नाही. गुदद्वाराजवळच्या त्वचेवर टाचणीचा वा कापसाचा स्पर्श रुग्णास जाणवला की नाही, यावर ती सीमा अवलंबून असते. आशेने भारलेल्या खोलीत ती सरकणे अशक्य नाही. वृत्तांताचे लेखक स्वतःच मान्य करतात की, त्यांचा अभ्यास तुलनागटाविना व उघड पद्धतीचा होता आणि त्यात दिसली ती केवळ सुधारणेची प्रवृत्ती. लेखकांच्या भाषेत जो संयम आहे, तो मान्यतेच्या निर्णयात उतरला नाही.

या वृत्तांतातील सर्वांत बोलके निरीक्षण वेगळेच आहे. पेशी दिल्यानंतर काही दिवसांतच पुष्कळ रुग्णांत सुधारणा दिसू लागली, असे लेखक नमूद करतात. परिघीय मज्जातंतू अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतात. मज्जारज्जूतील तंतू तर आपल्या बळावर फारसे वाढतच नाहीत. तेव्हा काही दिवसांत दिसणारी सुधारणा तुटलेले तंतू पुन्हा जुळल्याची असू शकत नाही. शिरेवाटे दिलेल्या अशा पेशींपैकी बहुतेक फुप्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकून राहतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार आढळले आहे. त्या पेशींनी स्रवलेल्या द्रव्यांनी दाह शमत असेल, उरलेल्या तंतूंचे कार्य सुधारत असेल. तसे असल्यास तेही थोडे नव्हे. पण त्यास पुनर्जनन म्हणता येणार नाही. ज्या २०१४ च्या कायद्याखाली ही मान्यता मिळाली, त्यात पुनर्जननात्मक उत्पादनांचा स्वतंत्र वर्ग असून त्यांच्यासाठी पुराव्याची अट सैल ठेवलेली आहे. वस्तूच्या गुणावरून नव्हे, तर तिच्या वर्गाच्या नावावरून पुराव्याचे माप ठरावे, ही विचित्र स्थिती आहे.

लहान अभ्यासाने दिशाभूल होणे या क्षेत्रास नवे नाही. जीएम-१ गँग्लिओसाइड या द्रव्याचा मज्जारज्जूच्या इजेत उपयोग होतो, असे १९९१ साली अमेरिकेतील एका चाचणीत दिसले. त्या चाचणीत रुग्ण तीस-चाळीसच होते; परंतु तुलनागट होता, रुग्णांची वाटणीही यादृच्छिक होती. पुढे साडेसातशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मुख्य उद्दिष्ट साधले गेल्याचे दिसले नाही. गंमत अशी की, वर ज्या नैसर्गिक प्रमाणांचा आधार घेतला, त्यांतील मोठा भाग याच फसलेल्या चाचणीच्या नोंदींतून आला आहे. औषध गेले आणि मोजपट्टी उरली. तीही तुलनागट होता म्हणूनच.

जपानी कायद्याची भूमिका अशी की, सात वर्षांत उपचार घेतलेल्या रुग्णांची माहिती गोळा करून अंतिम निर्णय घ्यावा. ‘नेचर’ या नियतकालिकाने जानेवारी २०१९ मध्येच या पद्धतीवर कठोर टीका केली होती. तीत मला अधिक महत्त्वाचा वाटणारा दोष हा की, मान्यता मिळाल्यावर तुलनेची वाटच अरुंद होते. विम्यातून मिळणारे औषध सोडून चिठ्ठीच्या निकालावर तुलनागटात जाण्यास कोणता रुग्ण राजी होईल? याच तरतुदीखाली २०१५ साली मान्य झालेल्या ‘हार्टशीट’ या हृदयरोगावरील उत्पादनाचे काय झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मान्यतेची मुदत वाढवून घेऊनही परिणाम सिद्ध झाला नाही आणि २०२४ साली तज्ज्ञ समितीने कायम मान्यता नाकारण्याचे मत दिले. मधल्या काळात रुग्णांनी आणि विमा योजनेने त्याचे मोल चुकते केलेच होते.

याच्या शेजारी तोक्योच्या केइओ विद्यापीठाचा प्रयोग ठेवून पाहावा. तेथे प्रेरित बहुक्षम मूलपेशींपासून तयार केलेल्या पूर्वज पेशी इजेच्या जागीच रोपण केल्या जातात; म्हणजे तेथे पुनर्जनन हा शब्द निदान हेतूला तरी धरून आहे. पहिले रोपण डिसेंबर २०२१ मध्ये झाले आणि मार्च २०२५ मध्ये चार रुग्णांचे निष्कर्ष जाहीर करण्यात आले: दोघांची श्रेणी सुधारली, दोघांची सुधारली नाही, आणि गंभीर अपाय आढळला नाही. तुलनागट येथेही नव्हता. पण हा प्रयोग मुख्यतः सुरक्षितता पाहण्यासाठी आखलेला होता. त्याचे यश त्याच मापाने मोजले पाहिजे. ‘चारांत दोन’ आणि ‘तेरांत बारा’ हे आकडे शेजारी मांडून दुसरा उपचार श्रेष्ठ ठरविण्याचा मोह आपल्या परिसंवादांतूनही होताना दिसतो. तसे करण्यापूर्वी त्या चौघांची आणि त्या तेरांची मूळ श्रेणी कोणती होती, आणि ती दुखापतीनंतर कितव्या दिवशी पाहिली होती, हे दोन स्तंभ तक्त्यात आधी भरून घ्यावेत.